बडोद्यातलं पीएम विश्वकर्माचं शिवणाचं ट्रेनिंग: ब्लाउज येत होता, मजुरी लिहायला तिथे शिकले

मी पीएम विश्वकर्माच्या शिवणाच्या ट्रेनिंगला जाऊन आले हे कळल्यापासून निदान पंधरा-वीस जणींनी मला विचारलंय, कोणी जिन्यात थांबवून, कोणी फोनवर, एकीने तर लग्नाच्या पंगतीत, की खरंच काही शिकवतात का नुसती सही घेऊन घरी पाठवतात, पैसे मिळतात का, मशीन बरं असतं का. दर वेळी अर्धवट सांगून होतं म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकते. सेंटरचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही, एकतर आपल्याला कुठलं सेंटर मिळेल ते आपल्या हातात नसतं आणि दुसरं म्हणजे मला जे खटकलं ते कुठल्याही सेंटरवर होऊ शकतं.

मी दांडिया बाजारात राहते, घरी शिवण करते त्याला आता अकरा वर्षं झाली. फॉल-पिको, ब्लाउज, नवरात्र जवळ आली की चनिया चोली. पाटी नाही, दुकान नाही, बेडरूमच्या खिडकीशी मशीन आणि गिऱ्हाइकं सगळी ओळखीतली. हे मकरपुऱ्याला खासगी कंपनीत आहेत. म्हणजे मी शिवण शिकायला गेले नव्हते हे आधी सांगते, मला शिवण येत होतं, मी गेले ते मशीनसाठी आणि कमी व्याजाच्या लोनसाठी. ती दोन्ही मिळाली, पण तिथून सगळ्यात मोलाचं जे घेऊन आले ते वेगळंच, ते पुढे लिहिते.

योजना काय आहे ते थोडक्यात, कारण लोक तिला शिलाई मशीन वाटपाची योजना समजतात आणि तसं नाहीये. १७ सप्टेंबर २०२३ ला विश्वकर्मा जयंतीला ही सुरू झाली, एकूण १८ धंदे आहेत, सुतार, लोहार, कुंभार, सोनार, चांभार, न्हावी, धोबी, फुलांच्या माळा करणारे, आणि शिंपी. शिंपी आहे म्हणूनच आमच्यासारख्या बायकांना यात शिरायला दार मिळतं, बाकीचे बरेचसे धंदे पुरुषांच्याच हातात आहेत. वय १८ पूर्ण पाहिजे, आपण स्वतः तो धंदा करत असलं पाहिजे, घरात कोणी सरकारी नोकरीत नको, आणि गेल्या ५ वर्षांत मुद्रा किंवा स्वनिधी या सरकारी योजनांचं लोन घेतलं असेल तर ते पूर्ण फेडलेलं पाहिजे. एका कुटुंबातून एकच जण. यात आधी ५ ते ७ दिवसांचं बेसिक ट्रेनिंग, दिवसाला ५०० रुपये स्टायपेंड, अवजारांसाठी १५,००० चं ई-व्हाउचर, आणि नंतर पाहिजे असेल तर १ लाखापर्यंत पहिलं लोन ५ टक्के व्याजाने, तारण न ठेवता.

फॉर्म सीएससी म्हणजे कॉमन सर्व्हिस सेंटरवरच भरतात, आधार आणि अंगठा लागतो. हे फुकट आहे. मी ज्याच्याकडे गेले त्याने माझ्याकडून ३०० रुपये घेतले आणि मी दिले कारण मला माहीत नव्हतं. माझ्यानंतर माझ्यासमोरच एक काकू आल्या, रोजंदारीवर स्वयंपाकाला जाणाऱ्या, त्यांच्याकडूनही घेतले, आणि त्या काकूंनी पदराची गाठ सोडून शंभराच्या तीन नोटा काढल्या ते मला अजून आठवतं. मला तेव्हा माहीत असतं तर मी तिथेच बोलले असते. म्हणून तुम्ही बोला.

फॉर्म भरल्यावर तीन ठिकाणी तपासणी होते, आधी महानगरपालिका, मग जिल्ह्याची समिती, मग वरची. माझं व्हायला चार महिने लागले. मधे मी आशा सोडली होती, एक दिवस फोन आला की सोमवारी साडेनऊला या.

आता ट्रेनिंग. आम्ही २२ जणी होतो, मशीनं ८. साडेनऊ ते सहा, मधे अर्धा तास जेवण, पाच दिवस, म्हणजे ४० तास. शिकवणाऱ्या बेन गुजराती, पन्नाशीच्या पुढच्या, आधी गारमेंट युनिटमध्ये लाइन सांभाळलेल्या. पहिल्या दिवशी त्यांनी काहीच शिवायला लावलं नाही. प्रत्येकीला बॉबिन केस हातात दिली आणि म्हणाल्या दोऱ्याला धरून लटकवा. माझी केस सरळ खाली घसरत गेली, शेजारणीची जागची हलेचना. मग बेननी माझी केस घेतली, बाजूचा तो बारीक स्क्रू नखाएवढ्या ड्रायव्हरने जरासा फिरवला, पुन्हा लटकवली, हाताला हलकासा झटका दिला आणि केस दोन बोटं खाली येऊन थांबली. म्हणाल्या, झटका दिला की थोडी उतरायला पाहिजे आणि थांबायला पाहिजे, हेच टेन्शन. अकरा वर्षं मी खालून दोऱ्याचं जाळं झालं की वरचं टेन्शन फिरवत बसायचे, कधी कपडा बदलायचे, कधी दोऱ्याला दोष द्यायचे, मशीनवाल्याला दोनशे-दोनशे रुपये देऊन किती वेळा बोलावलं त्याचा हिशोब नाही. ते काम दहा सेकंदाचं होतं. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं कारण मी कोणाकडे शिकलेच नव्हते, आईला बघून बघून शिकले आणि आईही तशीच शिकलेली.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उरेब पट्टी म्हणजे तिरकी कापलेली पट्टी, गळ्याचं फिनिशिंग, बाहीचा मुंढा. गोल गळा उलटवायच्या आधी शिवणीपर्यंत काप द्यायचे, टीप न कापता, अगदी टिपेला टेकेपर्यंत, हे मी करायचे पण अंतर अंतराने, बेननी अर्ध्या अर्ध्या इंचावर द्यायला लावले आणि गळा असा बसला की इस्त्रीशिवाय सपाट. ज्यांना शिवण येतं त्यांना हे वाचून कळेल मी काय म्हणतेय. ज्या अगदीच नवीन होत्या, आमच्यात तशा पाच-सहा होत्या, त्यांना मात्र पाच दिवस अजिबात पुरले नाहीत. त्या सरळ टीप मारायला शिकेपर्यंत ट्रेनिंग संपलं. योजनेच्या नियमाने येणारी आधीच कारागीर असते असं धरलेलं आहे, पण प्रत्यक्षात कोणाची तरी वहिनी, कोणाची मुलगी मशीनच्या आशेने येते, आणि मला त्यात त्यांची काही चूक वाटत नाही, त्यांनाही शिकायचंच आहे. त्यांच्यासाठी दोन-तीन महिन्यांचं वेगळं काहीतरी पाहिजे.

चौथ्या दिवसावर मी जरा जास्त लिहिणार आहे.

तिसऱ्या दिवशीच बेननी सांगून ठेवलं होतं की अस्तरचा साधा ब्लाउज शिवताना प्रत्येक टप्प्याला भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळ लिहायची. आम्हाला वाटलं स्पीड बघतायत. मी लिहिलं: माप आणि कटिंग ४० मिनिटं, अस्तर जोडणं २५, टक्स-खांदे-गळा-बाही सगळं मिळून ७५, हुक आणि आय ३०, तुरपाई ३५, इस्त्री १०, आणि फिटिंग बघून परत उसवून दाबणं २५. चौथ्या दिवशी बेन म्हणाल्या आता याचा भाव सांगा. कोणी १८०, कोणी २००, मी २५० म्हंटलं, अस्तर माझं धरून, आमच्या भागात हाच भाव चालतो. मग म्हणाल्या खर्च लिहा. मी लिहिलं अस्तर ५०, दोरा ८, हुक ४, पायपिंग आणि कॅनव्हास १५, वीज ५, सुया-तेल-मशीनची झीज ८. बेरीज ९०. बेन माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या, कागदावर खडूने टक टक केलं आणि म्हणाल्या, "बेन, तमारी मजूरी क्यां?" म्हणजे तुमची मजुरी कुठे आहे?

मी म्हंटलं २५० मधून ९० गेले, उरले १६० ती मजुरी. त्या म्हणाल्या उरतं ते उरतं, त्याला मजुरी म्हणत नाहीत, मजुरी आधी लिहायची असते, दोऱ्याच्या वर. मग त्यांनी माझ्या मिनिटांची बेरीज करायला लावली. २४० मिनिटं. चार तास. मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले की ब्लाउज मी दोन तासात काढते, कारण मी फक्त मशीनवर बसलेला वेळ धरत होते, हुक रात्री टीव्ही बघताना लावायचे, तुरपाई दुपारी आईंशी, म्हणजे सासूबाईंशी, बोलता बोलता, ते काम आहे असं मला वाटतच नव्हतं. १६० भागिले ४. तासाला ४० रुपये.

आणि बेन पुढे म्हणाल्या, इथे तुम्ही पाच दिवस बसलात त्याचे ५०० प्रमाणे २,५०० मिळणार, ४० तास झाले, तासाला किती झाले काढा. ६२ रुपये ५० पैसे. खोलीत एकदम शांत झालं. शिकायला बसायचे जेवढे मिळतायत त्यापेक्षा अकरा वर्षांचा हात असलेली बाई काम करून कमी कमावते, आणि त्यातही ओळखीतल्या दुरुस्त्या फुकट, नणंदेचे ब्लाउज फुकट, ते धरलेलेच नाहीत. माझ्या शेजारी वाघोडिया रोडच्या एक ताई होत्या, त्यांचा हिशोब तासाला २६ रुपये निघाला. त्यांनी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि जेवायच्या सुट्टीत डबा उघडलाच नाही. मी त्यांच्याजवळ बसले. बोलण्यासारखं काही नव्हतं.

मला मनापासून वाटतं की या पूर्ण योजनेत सगळ्यात मोलाचा हा एक तास होता, आणि तो बेननी स्वतःहून मन लावून घेतला म्हणून आमच्या वाट्याला आला. दुसऱ्या बॅचच्या एका बाईंना विचारलं तर त्यांना मार्केटिंग, डिजिटल पेमेंट हे सगळं भरभर वाचून दाखवलं आणि झालं. हा एक तास सगळीकडे असाच, घड्याळ आणि कागद घेऊन झाला पाहिजे, नुसतं उद्योजिका व्हा म्हणून काही होत नाही.

इथे थोडं वेगळं लिहिते. बडोद्यात बायकांना हाताचं काम शिकवून पायावर उभं करायची गोष्ट आजची नाही. महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालय १९१४ साली सुरू झालं, ते याच विचाराने, की बाईला स्वतःचं कमवता आलं पाहिजे. या चिमणाबाई म्हणजे सयाजीराव महाराजांच्या दुसऱ्या पत्नी, माहेरच्या गजराबाई, त्यांनी स्वतः पडदा सोडला, आणि १९२७ मध्ये पुण्याला अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं त्याच्या अध्यक्षा त्याच होत्या. आणि महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्यात मुलीही आल्या. आमच्या आजेसासूबाई शाळेत गेल्या त्या याच नियमामुळे, नाहीतर त्यांचे वडील पाठवणारे नव्हते, असं त्या नेहमी सांगायच्या. सरकारने नियम केला की घरातल्या बाईच्या बाजूने बोलणारं कोणीतरी बाहेरचं उभं राहतं. हे मी लिहितेय कारण ५०० रुपयांच्या स्टायपेंडचंही मी तेच बघितलं.

लोकांना वाटतं पाचशे म्हणजे काय मोठं. पण आमच्या बॅचमधल्या निम्म्या बायकांना घरातून सोडलं ते त्या पाचशेमुळे. नुसतं शिकायला चालले म्हंटलं असतं तर आता या वयात काय शिकायचंय, घरचं कोण बघणार, हेच झालं असतं. रोजचे पाचशे मिळतायत म्हंटल्यावर सासूबाईंनीच नातवाला सांभाळायचं कबूल केलं असं एकीने सांगितलं. माझ्या घरी आई तशा कधी आडव्या येत नाहीत, तरी पाच दिवस सकाळची भाजी त्यांनी केली आणि हे संध्याकाळी कुकर लावून ठेवायचे, आणि मला माहितेय की यात त्या पाचशेचा वाटा होता. म्हणून जे कोणी असले पैसे वाटून काय होतं म्हणतात त्यांना मी सांगेन की ते पैसे बाईला उंबऱ्याबाहेर पडायला लागतात.

आता जे चांगलं नव्हतं ते.

२२ बायकांना ८ मशीनं म्हणजे तिघींत एक, त्यातलं एक तिसऱ्या दिवशी बंद पडलं ते शेवटपर्यंत बंदच. बाथरूम एक, त्याला आतून कडी नाही, एकमेकींना बाहेर उभं करून जायचं. चाळीस तास बायकांनी बसायची जागा निवडताना पहिली ही गोष्ट बघायला पाहिजे. हजेरी बोटाच्या ठशावर, आणि ज्या बाईने आयुष्यभर भांडी घासली, सुया टोचून घेतल्या तिच्या बोटावर रेषा कुठून उरणार, एका ताईंना रोज सकाळी वीस-वीस मिनिटं बोट पुसून पुसून लावायला लागायचं, आणि लागलं नाही तर त्या दिवसाचे पैसे जातात की काय म्हणून त्या घामाघूम. मुलांसाठी काही सोय नाही. एकीने दोन वर्षांचा मुलगा बरोबर आणला होता, पहिल्या दिवशी कोणी काही बोललं नाही, दुसऱ्या दिवशी ऑफिसमधल्या माणसाने सांगितलं मूल आणायचं नाही, तिसऱ्या दिवशी ती आली नाही. तिचा हात आमच्यात सगळ्यात साफ होता. एक खोली, एक सतरंजी आणि एक मावशी, एवढ्याने ती आज माझ्यासारखी लोनवर मशीन घेऊन बसली असती.

वेळही बघा. साडेनऊ ते सहा म्हणजे ज्या बायका दुसऱ्यांकडे पोळ्या करायला जातात त्यांना जमूच शकत नाही. दुपारी बारा ते पाच अशी बॅच आठ-नऊ दिवस केली तर तेवढेच तास होतात आणि मुलांची शाळा, स्वयंपाक दोन्ही सांभाळलं जातं. मी हे शेवटच्या दिवशी फीडबॅकच्या कागदावर लिहून दिलंय, मराठीतच लिहिलं, बेन म्हणाल्या चालेल.

स्टायपेंड दीड महिन्यांनी आला. सेंटरने हजेरी उशिरा चढवली असं कळलं. पण आला, पूर्ण २,५०० आले, माझ्या खात्यात, माझ्या नावावर, आणि मधे कोणी हात लावला नाही.

टूलकिट, म्हणजे त्या १५,००० च्या व्हाउचरमधली अवजारं, त्यानंतर दोन महिन्यांनी पोस्टातून घरी आलं. मशीन, कात्री, टेप, बाकी बारीकसारीक सामान. मशीन नवीन शिकणारीसाठी ठीक आहे, सुती कपड्यावर टीप छान येते, पण चनियाचा जाड घेर, त्यावर आरशाची लेस, चार-चार थर एकत्र आले की ते मशीन दमतं, सुई वाकते. मी ते फॉल-पिको आणि साध्या ब्लाउजसाठी ठेवलंय. एक मात्र सांगते, किट आल्या आल्या उघडून प्रत्येक वस्तू तपासा, मशीनवर धावदोऱ्यासारखी लांब टीप आणि बारीक टीप दोन्ही मारून बघा, माझ्या मैत्रिणीच्या मशीनचा शटल पहिल्याच दिवशी अडकत होता आणि तिने महिनाभर पिशवीतून काढलंच नव्हतं.

लोनचा अनुभव मिश्र. सरकारचा नियम स्पष्ट आहे, १ लाखापर्यंत, तारण नाही, १८ महिन्यात फेडायचं, आपल्याला ५ टक्के आणि वरचं ८ टक्क्यांपर्यंतचं व्याज सरकार बँकेला भरतं. पण मी ज्या ब्रँचमध्ये गेले तिथल्या साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, मिस्टर काय करतात, त्यांची सॅलरी स्लिप आणा. मी म्हंटलं धंदा माझा आहे, सर्टिफिकेट माझ्या नावाचं आहे. तरी तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला मी तो चौथ्या दिवसाचा कागद आणि दोन महिन्यांची वही घेऊन गेले, कुठल्या तारखेला कोणाचा ब्लाउज, खर्च किती, मजुरी किती, जमा किती. साहेबांनी वही उलटून बघितली, दोन पानं नीट वाचली, आणि मग स्लिपचं नाव काढलं नाही. मी ५०,००० च घेतले, कारण तेवढ्याचंच काम होतं. महिन्याला २,९०० च्या आसपास हप्ता येतो आणि १८ महिन्यात व्याज सगळं मिळून २,००० च्या आसपास होतं. हेच ५०,००० मी आमच्या गल्लीत महिना शेकडा दोनने घेतले असते, आणि आधी एकदा घेतलेलेही आहेत, तर १८ महिन्यात १८,००० नुसतं व्याज झालं असतं. हा फरक ज्यांना दिसतो त्यांनी तीन फेऱ्यांना कंटाळू नये.

बँकेच्या बाकावर बसले असताना मला सारख्या इला भट्ट आठवत होत्या. अहमदाबादला १९७२ मध्ये त्यांनी 'सेवा' ही बायकांची युनियन रजिस्टर करायला घेतली तेव्हा सरकारी खात्याचं म्हणणं होतं तुमचा मालकच नाही तर युनियन कसली. डोक्यावर ओझं वाहणाऱ्या, घरी कपडे शिवणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, यांना कामगार म्हणायचीच कोणाची तयारी नव्हती. आणि बँका दारात उभं करेनात म्हणून १९७४ ला ४,००० बायकांनी दहा-दहा रुपये घालून स्वतःची बँक काढली. पन्नास वर्षांनी मला निदान खुर्ची मिळाली, अर्ज मिळाला, आणि योजनेच्या नोंदणीत माझ्या नावापुढे उद्योजक म्हणून लागलं. रेशन कार्डात मी अजून गृहिणीच आहे. दोन्ही कागद एकाच प्लास्टिकच्या फाइलमध्ये आहेत.

लोनमधून ओव्हरलॉकचं, म्हणजे कापडाच्या कडा बांधायचं, मशीन घेतलं, हेवी काम करणारं एक जुनं मोटरवालं मशीन घेतलं, आणि उरलेल्यात नव्या बाजारातून अस्तर आणि कॉटनचे तागे होलसेलने. अस्तर मीटरमागे १४ रुपयांनी स्वस्त पडतं, हे अकरा वर्षं मी मीटर-मीटर घेत होते.

आता भाव. अस्तरच्या साध्या ब्लाउजचे मी ३५० केले. ६२.५० गुणिले ४ म्हणजे २५० मजुरी, ९० खर्च, १० वर. पहिल्यांदा हे समोरच्या काकूंना सांगताना माझा घसा कोरडा पडला होता, त्या मला लग्न होऊन आले तेव्हापासून ओळखतात, माझ्या मुलीच्या बारशाला त्यांनी अंगडं आणलं होतं. त्या म्हणाल्या, अगं एवढे? मी वही उघडून दाखवली. काकूंनी चष्मा लावून वाचलं, हुक ४, वीज ५, मजुरी ४ तास. म्हणाल्या, चार तास लागतात होय गं. आणि दिले. सगळ्यांनी नाही दिले. माझ्या नेहमीच्या चौदा जणींपैकी चार जणी दुसरीकडे गेल्या, त्यातल्या दोघी दिवाळीआधी परत आल्या. आधी महिन्याला तीस ब्लाउज शिवून ४,८०० हातात पडायचे, १२० तास. आता बावीस शिवते आणि ५,७२० पडतात, तास ८८. दुपारी मुलीबरोबर बसायला मिळतं, तिचं दहावीचं वर्ष आहे.

नवरात्रात यंदा पहिल्यांदा ॲडव्हान्स घेतला. बडोद्यात नवरात्रीचं शिवण ज्यांनी केलंय त्यांना माहितेय, मंगल बाजारातून लोक लेस आणि लटकन घेऊन आठ दिवस आधी येतात आणि सगळ्यांना पहिल्या माळेलाच पाहिजे असतं. आधी मी सगळे घ्यायचे आणि मग रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागायचे आणि शेवटी दोन-तीन चनिया लोक न्यायलाच यायचे नाहीत, पैसे बुडीत. यंदा निम्मे पैसे आधी, क्यूआर लावलाय त्यावर, या योजनेत डिजिटल पेमेंटमागे एक रुपया मिळतो महिन्याला शंभर व्यवहारांपर्यंत तो वेगळाच. अकरा चनिया घेतले, अकराच्या अकरा गेले. चोवीस कळ्यांचा एक होता, काळ्या कॉटनवर लाल-हिरवी पट्टी, तो घालून ती मुलगी मला दाखवायला आली होती, गिरकी घेतली तेव्हा घेर पूर्ण ताटासारखा उघडला, कुठे एक कळी ओढली गेली नव्हती.

मार्क द्यायचे तर शिकवण्याला पाचपैकी पाच, पण ते आमच्या बेनचे आहेत. जागेला आणि सोयीला दीड. टूलकिटला तीन. लोनला चार, ब्रँचच्या फेऱ्यांचा एक कापला. पुढे १५ दिवसांचं, १२० तासांचं ॲडव्हान्स ट्रेनिंग असतं, मी त्यासाठी नाव दिलंय, ते केलं आणि पहिलं लोन वेळेवर फेडलं की २ लाखांपर्यंतचं दुसरं मागता येतं. खालच्या मजल्यावरची गाळ्याची एक जागा डोक्यात आहे, बघू.

आमच्या घरातून एकच जण चालतो म्हणून जाऊबाई इतके दिवस गप्प होत्या. मी नियम परत वाचला, त्यात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं, एवढंच. एका घरात, एका चुलीवर असलो तरी दीर-जाऊ वेगळं कुटुंब धरतात. त्या नऊवार शिवतात आणि ब्राह्मणी, पेशवाई दोन्ही कट त्यांना येतात, त्यांच्याइतकं नऊवार मला जमत नाही. आता आमच्या भागात शिंप्यांचे फॉर्म घेतायत का ते सोमवारी जाऊन विचारणार आहोत, आधार, पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाइल घेऊन, यावेळी दुसऱ्या सीएससीवर. कोणी पैसे मागितले तर पावती मागणार. कोणाला बरोबर यायचं असेल तर दहा वाजता न्याय मंदिराशी या, आम्ही दोघी चालतच निघणार आहोत.